गाठीभेटींचा वेळही पगारातच धरा

छोट्या सामाजिक संस्थेत शनिवारची नेटवर्क बैठक (इतर संस्थांबरोबरची), परिषद, देणगीदाराबरोबरचा चहा ही कामं 'संस्थेसाठी एवढं करायलाच हवं' म्हणून फुकटात जातात. पाठवलं संस्थेने, तर तास संस्थेचे.

आधी ताशी दर काढा. महिन्याचा पगार १८,००० असेल तर भागिले कामाचे २६ दिवस, भागिले ८ तास: ८६.५४, म्हणजे ८७ रुपये.

मग तास मोजा, घराच्या दारापासून दारापर्यंत. समजा नाशिकची कार्यकर्ती रविवारी पुण्याच्या बैठकीला गेली. सकाळी ६ ला निघाली, रात्री ९ ला परतली: १५ तास. जेवणाचा तास वजा करू नका. खऱ्या ओळखी पंगतीतच होतात. ८ तासांची बदली रजा (सुट्टीत केलेल्या कामाच्या बदल्यात मिळणारी सुट्टी) आणि उरलेल्या ७ तासांचे ६०९ रुपये द्या. हा किमान हिशेब झाला. तुमच्या संस्थेला ओव्हरटाइमचा कायदा लागू असेल तर दर त्याप्रमाणे वाढवा.

घोळ बहुतेक बदली रजेत होतो. ती 'नंतर घे' म्हटलं की बुडते. बैठकीला पाठवतानाच रजेची तारीख हजेरीपत्रकात लिहा. महिन्याभरात घेता आली नाही तर पैसे द्या. प्रवासखर्च आगाऊ द्या, कमी पगाराच्या माणसाला पदरचे हजार रुपये अडकवणं परवडत नाही. अर्धवेळ मानधनावरच्यांना तर प्रत्येक जादा तास मोजूनच द्या.

पैसा कुठून? देणगीदाराला देणाऱ्या प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात 'प्रवास' या ओळीखाली 'समन्वय बैठका: कर्मचारी वेळ' अशी वेगळी ओळ घाला, तासांसकट.