जाम झालेला ब्रेक कॅलिपर घरीच कसा खोलावा

तुळजापूरचा घाट उतरून आल्यावर चारपैकी एकाच चाकाला करपल्याचा वास येत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, तर बहुतेक पुढचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग, जाम झालाय. सोलापूरची धूळ आणि फाटलेलं डस्ट कव्हर एवढं त्याला पुरतं. पुढचा एका पिस्टनचा कॅलिपर घरी खोलता येतो. मागच्या कॅलिपरला हँडब्रेक जोडलेला असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, तो प्रकार वेगळा.

आधी किट आणा: सील, डस्ट कव्हर, तांब्याचे नवे वॉशर. मॉडेल आणि वर्ष सांगूनच घ्या. सोबत सीलबंद ब्रेक ऑइल. कोणत्या प्रतीचं, डॉट ३ की डॉट ४, हे ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

सपाट, पक्क्या जमिनीवर गाडी लावा, मागच्या चाकांना अडसर द्या आणि उचलून जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवून काम करू नका. कॅलिपरवरचा निप्पल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, जरासा सैल होतो का पाहून पुन्हा आवळा. तुटायचाच असेल तर आताच कळलेलं बरं.

पिस्टन काढायला कॉम्प्रेसर लागतो असं सांगतात. नाही लागत. पाइप जोडलेलाच ठेवून कॅलिपर उतरवा, तारेने टांगा, पॅड काढून तोंडात लाकडी ठोकळा घाला. घरच्या कुणाला तरी पेडल हळूहळू दाबायला सांगा. बोटं आत नकोत! टाकीतलं ऑइल तळाला जाऊ देऊ नका, एबीएसमध्ये (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेत) हवा गेली तर गॅरेज गाठावंच लागेल. पिस्टन सुटायच्या बेतात आला की थांबा. पेडल दोन इंच दाबलेलं राहील अशी काठी सीटला टेकवा, म्हणजे पाइप सोडल्यावर टाकी रिकामी होत नाही. मग पाइप सोडा आणि पिस्टन हाताने फिरवत ओढा.

आता खरं काम. चौकोनी सील कॅलिपरच्या खाचेत बसतं आणि पिस्टन त्यातून सरकतो. ब्रेक दाबला की सील किंचित वाकतं, सोडला की सरळ होताना पिस्टनला मागे खेचतं. खाचेत गंज साचला की सील आवळतं आणि ही हालचालच बंद पडते. म्हणून आतून चकाकी आणण्यापेक्षा खाच साफ करा, खराट्याची काडी त्यासाठी उत्तम. पिस्टनवर नख अडकेल असा खड्डा असेल तर तो घासत बसू नका, नवा घ्या.

धुवायला ब्रेक क्लीनर वापरा. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, साधं ग्रीस यांनी रबर फुगतं. गॅरेजमध्ये सर्रास चालतं म्हणून आपण करायचं नाही. सील आणि पिस्टन ताज्या ब्रेक ऑइलने ओले करून बोटांनी सरळ दाबत बसवा. तिरका गेला तर ठोकू नका, बाहेर काढा. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनना रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. बरेच ‘जाम’ कॅलिपर या पिनांमुळेच असतात.

निप्पल वरच्या बाजूलाच यायला हवा, नाहीतर हवा निघणार नाही. पाइप तांब्याच्या नव्या वॉशरसह जोडा, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळायच्या जोराने) आवळा, काठी काढा. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवा. पेडल दाबलं की निप्पल उघडा, सोडण्याआधी बंद करा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि टाकी भरत राहा. बॉडीवर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून काढतं ते.

इंजिन चालू करून पेडल घट्ट लागतंय, गळती नाही, सोडल्यावर चाक हाताने फिरतंय, एवढं पाहा. पेडल मऊ लागलं तर गाडी हलवायची नाही. पहिली चक्कर मोकळ्या मैदानात, पायी चालण्याच्या वेगाने.