सोयाबीन पेरण्याआधी शेतातील पाण्याला वाट काढा

मृगाच्या तोंडावर बियाणे आणि खतांची जुळवाजुळव सुरू असताना मी शेतकऱ्यांना एकच प्रश्न विचारतो. एका रात्रीत चार इंच पाऊस झाला, तर तुमच्या शेतातील पाणी कोठून बाहेर पडणार? बहुतेक जण बांधाच्या एका कोपऱ्याकडे हात करतात आणि तेथे जाऊन पाहिले, तर गाळाने व गवताने बुजलेली जुनी नाली दिसते. मराठवाडा आणि विदर्भातील काळ्या जमिनीत सोयाबीन, तूर आणि कपाशीचे जे नुकसान मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे, त्यातील मोठा वाटा पाऊस थांबल्यावर शेतात अडकून राहिलेल्या पाण्याचा आहे.

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. एवढा पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी. भारी काळी माती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यातील भेगा मिटतात आणि त्यानंतर पाणी खाली मुरण्याचा वेग इतका मंदावतो की वरून पडणारे पाणी वरच थांबते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या उरलेल्या जोराने मराठवाड्यात काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले, तर ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड आणि सोलापूर जिल्ह्यांत नदीकाठची माती पिकासकट खरवडून गेली. तशा पुरापुढे कोणताही चर टिकत नाही, हे मी मान्य करतो. मात्र नदीपासून दूर असलेल्या, केवळ पाणी न निघाल्याने पिवळ्या पडलेल्या हजारो एकरांना हे कारण लागू होत नाही.

एका जुलैमध्ये मला असेच एक शेत दाखवण्यात आले. पीक २८ दिवसांचे होते आणि खोलगट अंगाचे सुमारे अर्धा एकर सोयाबीन पिवळे पडले होते. दुकानदाराच्या सांगण्यावरून शेतकऱ्याने त्यावर टॉनिक, विद्राव्य खत आणि बुरशीनाशक एकाच पंपात मिसळून फवारले होते आणि तीन रिकाम्या बाटल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तशाच पडल्या होत्या. मी एक झाड मुळासकट उपटले. मुळाला चिकटलेल्या मातीला डबक्यासारखा कुबट वास येत होता. मुळावरची गाठ नखाने फोडली, तर आत हिरवट-तपकिरी रंग दिसला. त्याच शेताच्या उंचवट्यावरील झाडाची गाठ फोडली, तेव्हा ती आतून गुलाबी निघाली. गुलाबी गाठ हवेतील नत्र बांधत असते. पाण्यात बुडालेल्या मुळाला प्राणवायू मिळत नाही, गाठीचे काम थांबते आणि झाड खालच्या पानांपासून पिवळे होत जाते. जे मूळ गुदमरले आहे, त्याला पानावरची बाटली काय करणार? आम्ही कुदळ घेऊन बांधाला वीतभर खोल तोंड पाडले आणि संध्याकाळपर्यंत पाणी उतरले. वाफसा आल्यावर, म्हणजे माती मशागतीजोगी सुकल्यावर, कोळपणी झाली आणि पुढच्या पंधरवड्यात शेंड्याची नवी पाने हिरवी आली. कडेच्या काही ओळी मात्र गेल्या त्या गेल्याच.

म्हणून पेरणीपूर्वीच पुढील गोष्ट ठरवून ठेवावी. भारतीय हवामानाला साजेशी रुंद वरंबा सरी पद्धत, म्हणजे रुंद वरंब्यावर पिकाच्या ओळी आणि दोन वरंब्यांमध्ये पाणी वाहून नेणारी सरी, हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात काळ्या जमिनीसाठीच विकसित केली आणि आपल्या कृषी विद्यापीठांनी तिची शिफारस केली आहे. तिचे यंत्र गावात मिळाले तर उत्तमच. मिळाले नाही, तर पाच फणांच्या पेरणी यंत्राच्या मधल्या फणाचे छिद्र बुजवावे, म्हणजे प्रत्येक चार ओळींनंतर एक ओळ आपोआप रिकामी सुटते आणि बियाणेही एक पंचमांशाने वाचते. या रिकाम्या ओळीत २० ते २५ दिवसांनी कोळप्याच्या जानोळ्याला (पात्याला धरणाऱ्या दांड्यांना) दोरी गुंडाळून सरी ओढावी. ज्यांचे शेत हमखास चिबडते, म्हणजे पाणी साचून दलदलीसारखे होते, त्यांनी एवढे थांबू नये. पेरणीबरोबरच सरी काढून घ्यावी. सऱ्या उताराला आडव्या आणि किंचित कलत्या असाव्यात. सरळ उतारावर काढलेली सरी पाण्याबरोबर मातीही घेऊन जाते.

सरी काढून काम संपत नाही, आणि येथेच सर्वाधिक शेतकरी चुकतात. सर्व सऱ्यांचे पाणी ज्या चरात उतरते तो चर, चराचे बांधातील तोंड आणि तेथून ओढ्यापर्यंतची वाट, असे तिन्ही मोकळे असावे लागते. तोंडाशी दगड रचून सांडवा करावा, म्हणजे बांध फुटत नाही. पाणी शेजाऱ्याच्या रानातून जाणार असेल, तर त्याच्याशी बोलणे आताच करून घ्यावे, कारण भर पावसात रात्री धुऱ्यावर झालेले बोलणे सहसा भांडणावर जाते.

पेरणीची नेहमीची कामे:

– पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्यावरच पेरणी.
– घरच्या बियाण्याच्या १०० दाण्यांची गोणपाटात उगवण चाचणी. किमान ७० टक्के.
– सलग पेरणीस एकरी ३० किलो बियाणे. खोली ३ ते ४ सेंटिमीटर.
– बीजप्रक्रिया: कार्बोक्झिन अधिक थायरम (बुरशीनाशक) ३ ग्रॅम प्रति किलो बियाणे. नंतर रायझोबियम (गाठीत नत्र बांधणारे जिवाणू) २५० ग्रॅम प्रति १० किलो, सावलीत सुकवून.
– हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश, २० किलो गंधक.

पावसाने खंड दिला, की हीच सरी दुसऱ्या कामाला येते. ऑगस्टमध्ये आभाळ कोरडे दिसू लागले आणि जमिनीत अजून ओल असली, तर चराकडची सरीची तोंडे मातीने बंद करावीत, म्हणजे पुढची हलकी सर सरीतच मुरते. मोठ्या पावसाचा इशारा आला की ती पुन्हा फोडावीत. फुलोऱ्यात ताण बसत असल्यास १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) हे खत १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम घेऊन फवारावे. त्यासोबत दुसरी बाटली घेण्याची गरज मला तरी कधी दिसलेली नाही.

पिवळेपणा दिसला की दुकानात जाण्यापूर्वी पान पाहावे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, विशेषतः चुनखडीच्या पट्ट्यात, तर ती लोहाची कमतरता आहे. त्यासाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम कळीचा चुना पुरतो. खालची पाने पिवळी आणि तीही खोलगट भागातच असतील, तर पैसे खिशातच ठेवावेत आणि कुदळ हाती घ्यावी. कपाशीची झाडे पावसानंतर अचानक माना टाकू लागली, तर आधी पाणी काढून मगच १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुडाशी १०० मिलिलिटर द्रावण ओतावे. हे एक-दोन दिवसांत झाले तरच उपयोग होतो. तुरीला साचलेले पाणी सोयाबीनपेक्षाही कमी सोसते, त्यामुळे आंतरपिकात तुरीची ओळ सरीला लागून असलेल्या वरंब्यावर येईल असे पाहावे.

पाणी नेमके कोठे थांबते, हे ओळखण्याचा माझा एक अंदाज आहे. शेताच्या ज्या भागात लव्हाळा दाट वाढतो, तेथेच बहुधा पाणी सर्वांत शेवटी आटते. तरीही खात्री पहिल्या मोठ्या पावसालाच होते. त्या दिवशी ‘दामिनी’ ॲपवर विजेचा इशारा नाही हे पाहून, पाऊस उघडल्यावर दोन-तीन तासांनी संपूर्ण शेताला फेरी मारावी, जेथे पाणी अजून उभे असेल तेथे काठी रोवावी आणि वाफशाची वाट न पाहता त्या काठीपासून चरापर्यंत कुदळीने वाट मोकळी करून द्यावी.