दोन मात्रांमधलं तापमान: किरणोत्सर्गानंतर पेशी किती सावरतात हे मोजायची रीत

एल्काइंड आणि सटन या संशोधकांनी १९५९ मध्ये दाखवलं की किरणांची एकच मोठी मात्रा (डोस) दोन भागांत, मध्ये थोडा वेळ सोडून दिली, तर जास्त पेशी जगतात. त्या वेळात पेशी स्वतःची दुरुस्ती करतात. पण ती किती होईल हे तापमानावर ठरतं. छापील पद्धतीतलं ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे २० ते २४ अंश. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. एसी बंद असलेली खोली दुपारी पेशींसाठी वेगळाच प्रयोग सुरू करते. म्हणून नोंदवहीत ‘रूम टेंपरेचर’ लिहूच नका, आकडा लिहा.

बर्फावर, ० ते ४ अंशांत, दुरुस्ती जवळपास थांबते. २४ अंशांत ती चालू राहते, पण पेशीचक्र, म्हणजे पेशीची विभाजनाकडे जाणारी वाटचाल, फारसं पुढे सरकत नाही, त्यामुळे निव्वळ दुरुस्ती पाहायला हेच तापमान उत्तम. ३७ ला दुरुस्ती आणि पेशीचक्र दोन्ही चालतात. ४२ च्या आसपास बीआरसीए-२ हे प्रथिन मोडू लागतं, डीएनएच्या दुहेरी तुटींची एक महत्त्वाची दुरुस्ती अडते, आणि तीच मात्रा जास्त पेशी मारते.

व्ही-७९ पेशी (चिनी हॅमस्टरच्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या) घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहाकडे चौकशी करा. टी-२५ फ्लास्कमध्ये (२५ चौरस सेंटिमीटर तळाच्या) ५ मिली पोषक माध्यम, त्यात २५ मिलिमोलर हेपेस, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं रसायन. कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरबाहेर हेपेसशिवाय माध्यम जांभळं पडतं आणि पीएच हाही एक घटक होऊन बसतो. किरण न देण्याच्या फ्लास्कमध्ये २००, ४+४ ग्रेसाठी (ग्रे हे किरणमात्रेचं एकक) २००० आणि एकदम ८ ग्रेसाठी ४००० पेशी पेरा; प्रत्येकी तीन फ्लास्क. हे आकडे सुरुवातीचे आहेत, पहिल्या फेरीनंतर बदला. पेशी चिकटायला ४ तास द्या. जास्त थांबलात तर एकाच्या दोन होतात आणि हिशेब बिघडतो.

लिनॅक (किरणोपचाराचं यंत्र) रुग्णालयात आणि इन्क्युबेटर केगावला सोलापूर विद्यापीठात, अशी स्थिती असेल तर अर्ध्या तासाच्या अंतरासाठी परत येणं शक्य नाही. वॉटर बाथ (ठरावीक तापमानाच्या पाण्याचं भांडं) लिनॅकशेजारीच न्या. जाताना झाकणं घट्ट लावा आणि फ्लास्क ३७ अंशांच्या पाण्याच्या बाटल्यांसोबत थर्मोकोलच्या डब्यात ठेवा. डबा उन्हातल्या गाडीत क्षणभरही सोडू नका. रुग्णांचं वेळापत्रक संपल्यावर संध्याकाळी ०, ३० मिनिटं, १ आणि २ तास ही अंतरं बसतात. ४ आणि ६ तासांसाठी सुट्टीचा दिवस मागून घ्या.

लिनॅकचा ६ एमव्ही (मेगाव्होल्ट) क्ष-किरण खालून द्या, फ्लास्कखाली ५ सेंटिमीटर जाडीचे पाणीसदृश थर ठेवून. वरून दिला तर पेशींआधी फ्लास्कमधली हवेची पोकळी येते आणि मात्रेचा भरवसा राहत नाही. भौतिकतज्ज्ञाकडून याच मांडणीत मात्रा मोजून घ्या. किरण देताना सगळ्या गटांचं तापमान सारखंच हवं. फरक फक्त मधल्या वेळात.

खरी मेहनत या मधल्या वेळात आहे. हवेच्या इन्क्युबेटरमध्ये थंड फ्लास्क ३७ ला यायला सहज अर्धा तास लागतो, आणि दुरुस्तीचा मोठा वाटा त्याच अर्ध्या तासात होतो. म्हणून फ्लास्क पॅराफिल्म या ताणल्या जाणाऱ्या पट्टीने बंद करून वजनाखाली पाण्यात बुडवा. तेवढंच माध्यम भरलेल्या, पेशी नसलेल्या एका फ्लास्कमध्ये तापमापकाची तार घाला आणि दर दोन मिनिटांनी तोच आकडा लिहा, बाथच्या पडद्यावरचा नाही. वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंतची वेळही नोंदवा. प्रत्येक तापमानाला आणि प्रत्येक अंतराला किरण न दिलेला जोडीदार फ्लास्क हवाच, नाहीतर ४२ अंशांत उष्णतेनेच मेलेल्या पेशी किरणांच्या खात्यावर जातील. बर्फावरच्या पेशी आकसतात, सुटूही शकतात. ते फ्लास्क हलक्या हाताने उचला.

दुसऱ्या मात्रेनंतर सगळे फ्लास्क ३७ ला, साधारण ७ दिवस, न हलवता. मग क्रिस्टल व्हायोलेट या रंगाने रंगवा आणि ५० किंवा जास्त पेशींच्या वसाहती मोजा; प्रत्येक वसाहत म्हणजे जगलेली एक पेशी.

हिशेबाचं उदाहरण: २०० पेशींतून १५० वसाहती, म्हणजे पेरणीची कार्यक्षमता ०.७५. एकदम ८ ग्रे, ४००० पेशी, ९० वसाहती: ९० ÷ (४००० × ०.७५) = ०.०३. दोन तासांच्या अंतराने ४+४ ग्रे, २००० पेशी, १३५ वसाहती: ०.०९. सावरण्याचं गुणोत्तर ०.०९ ÷ ०.०३ = ३. कार्यक्षमता मात्र त्याच तापमानाच्या जोडीदार फ्लास्कची धरा.

शून्य अंतराचं गुणोत्तर १ च्या जवळ आलं नाही तर पेशींची मोजणी किंवा मात्रा चुकली आहे, पुढचे आकडे वाचू नका. ३० मिनिटांना बर्फाचा आणि ३७ चा गट सारखाच दिसला, तर बर्फाचे फ्लास्क गार व्हायला उशीर झाला असणार. ३७ ला मात्र ५-६ तासांच्या सुमारास गुणोत्तराचा आलेख खाली वळला तर प्रयोग टाकून देऊ नका: पहिल्या मात्रेतून वाचलेल्या पेशी बहुतेक एस टप्प्यातल्या (डीएनएची प्रत बनवण्याच्या), किरणांना दाद न देणाऱ्या असतात, आणि तोवर त्या जी-२ (विभाजनाआधीच्या) व विभाजनाच्या नाजूक टप्प्यात पोचलेल्या असतात. २४ अंशांच्या गटात हा खड्डा दिसत नाही. तिथेही दिसला तर तारेचे आकडे पुन्हा काढा आणि दुपारी खोली किती तापली होती ते पाहा.