गुडघ्याचं वंगण संपलं म्हणताय? या चुका टाळा

सोलापुरात गुडघे दुखायला लागले की निदान ठरलेलं: वंगण संपलं. कुंभारीच्या विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, आमच्या अक्काही तेच म्हणायच्या. मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, दिवसाला हजार विड्या. उठताना आधी हात भिंतीला, मग गुडघा कट्कन वाजणार, मग घटकाभर तशाच वाकून उभ्या.

पहिली चूक त्या शब्दातच आहे. गुडघा म्हणजे यंत्रमागाचा घासून झिजलेला भाग नव्हे. हाडांच्या टोकांवर कूर्चा, म्हणजे गुळगुळीत लवचिक अस्तर असतं; त्यात जिवंत पेशी असतात. मोजक्याच, तिथं रक्तवाहिन्याही नाहीत, पण कूर्चेची सगळी राखण त्यांच्याकडे. पेशीतल्या डीएनएवर मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक गटाच्या खुणा असतात, कुठलं जनुक गप्प ठेवायचं यात त्यांचा मोठा हात असतो. झिजेच्या संधिवातात यातल्या काही खुणा पुसल्या जातात, हे २००५ साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी दाखवलं. मग गप्प असलेली जनुकं जागी होतात आणि राखणदार पेशीच कोलॅजन, म्हणजे कूर्चेला बळकटी देणारं प्रथिन, तोडणारी विकरं (एन्झाइम) बनवू लागते. कुंपणानंच शेत खावं, तसं. शिवाय पेशी विभागली तरी हा बदल पुढच्या पेशीत उतरू शकतो, म्हणून दुखणं चिवट.

"आईचे गुडघे गेले, माझेही जाणार" ही दुसरी चूक. अनुवंशाचा वाटा आहे, नाही असं नाही. पण इथं जनुकाची अक्षरं तीच राहतात, बदलतात त्या वरच्या खुणा. सुजेतले पदार्थ त्या बदलू शकतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय. शरीरातली चरबीही असे पदार्थ सोडते. म्हणजे वजन गुडघ्याला नुसत्या भारानं छळत नाही.

जनुकं दुरुस्त करणारी पावडर, तेल कुणी विकत असेल तर पैसे घालवू नका. या खुणा पूर्ववत करणारं गुडघ्याचं मान्यताप्राप्त औषध आज बाजारात नाही.

आणि दुखतंय म्हणून बसून राहू नका, मांडीचे स्नायू आणखी दुबळे होतात. खुर्चीवर बसून पाय सरळ करा, पाच आकडे धरा, दहा वेळा. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला तर मात्र व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा.

अक्कांना स्टूल दिलं, तर सूप मांडीवरून घसरायला लागलं. शेवटी समोर उंच खोका ठेवला, सूप त्यावर. आता विड्यांची जुडी बांधून झाली की त्या एकेक पाय सरळ करतात, तेलुगूत पाचपर्यंत मोजत.