केसपेपरवर नुसतं ‘आरटीए’ नको: कॅज्युअल्टीत अपघाताची नोंद कशी घ्यावी

रात्री अडीचला सोलापुरात आणलेल्या जखमीच्या केसपेपरवर ‘आरटीए (म्हणजे रस्ता अपघात), मोहोळजवळ’ एवढंच असलं तर उपचार अडत नाहीत, पण अपघात टाळण्याच्या अभ्यासाला ती ओळ कवडीच्या कामाची नाही. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० जण दगावले, तर तो तुकडा ‘ब्लॅक स्पॉट’ धरतात. ‘मोहोळजवळ’मध्ये असे डझनभर तुकडे मावतात.

म्हणून जागेचा रकाना सर्वांत आधी भरा, आणि विचारा १०८च्या चालकाला. नातेवाईक बहुतेकदा घरूनच धावत आलेला असतो. किलोमीटरचा दगड, गाडीचं तोंड पुण्याकडे की हैदराबादकडे, जवळची खूण (पूल, दुभाजकातली फट, ढाबा) एवढं पुरे. चालक स्ट्रेचर रिकामं झालं की निघतो, नंतर सापडत नाही. डॉक्टर श्वास आणि रक्तस्राव पाहत असताना हे काम इंटर्नने करावं.

वेळा दोन लिहा, अपघाताची आणि पोहोचल्याची, २४ तासांच्या घड्याळाने. ‘१२.३०’वरून दुपार की मध्यरात्र हे महिन्याने कुणाला सांगता येत नाही. आधी दुसऱ्या दवाखान्यात नेलं असेल तर त्याची नोंद हवीच, नाहीतर रेफर केलेला पेशंट दोनदा मोजला जातो.

हेल्मेटला ‘हो/नाही’ पुरत नाही. चार पर्याय ठेवा: घातलं आणि पट्टा लावलेला, घातलं पण पट्टा मोकळा, नव्हतं, माहीत नाही. पट्टा मोकळा असला की पहिल्याच आपटीत हेल्मेट उडतं, आणि नोंदीत मात्र ‘हेल्मेट असूनही डोक्याला मार’ असं दिसतं. रिकामा रकाना म्हणजे ‘नाही’ नव्हे. मागे बसलेल्याचं वेगळं लिहा. बाई एका बाजूला पाय सोडून बसली होती का, पदर किंवा ओढणी चाकात गेली का, हेही.

समोरचं वाहन नीट लिहिणं सोलापूर जिल्ह्यात फार मोलाचं. गाळप हंगामात ‘ट्रॅक्टरला धडक’ म्हणजे नेमकं काय? अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला, की वळणाऱ्या ट्रॅक्टरखाली आला? पहिल्याला उपाय मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टर, दुसऱ्याला चौकाची रचना. अपघात-प्रतिबंधाचे अभ्यासक विल्यम हॅडन यांचा तक्ता इथे कामी येतो: आडवे रकाने माणूस, वाहन, परिसर, उभे टप्पे अपघाताआधी, अपघाताच्या क्षणी, नंतर. नऊ चौकटींपैकी कोणती रिकामी राहिली ते पाहा. कोजागरीला तुळजापूरला पायी निघालेल्यांपैकी कुणी आला, तर वाहनांकडे तोंड करून चालत होता की पाठ करून, तेही विचारा.

ग्लासगो स्कोअर, म्हणजे जखमी किती शुद्धीत आहे याचे गुण, ‘९/१५’ असा एकत्रित लिहू नका. डोळे, बोलणं, हालचाल वेगळे लिहा (कमाल ४, ५, ६), आणि तेही गुंगीचं औषध देण्याआधी. श्वासाची नळी घातल्यावर बोलण्याचे गुण देताच येत नाहीत.

दुखापतीची एकूण तीव्रता आयएसएसने (इंज्युरी सिव्हेरिटी स्कोअर) काढा. शरीराच्या सहा भागांपैकी सर्वाधिक दुखावलेल्या तिघांच्या एआयएस गुणांचे (एकेका जखमेला तीव्रतेनुसार दिलेले गुण) वर्ग करून बेरीज. डोकं ४, छाती ३, मांडीचं हाड ३ असेल तर १६+९+९ = ३४. १५च्या वर गेला की गंभीर. नेहमीची चूक म्हणजे छातीच्याच दोन जखमा धरणं. एका भागातून एकच, सर्वांत मोठी. सीटी आणि ऑपरेशनच्या नोंदी हाती आल्याशिवाय हा आकडा पक्का करू नका.

मृत्यू ३० दिवसांपर्यंत मोजायचा. डामा घेऊन (डॉक्टरांचा सल्ला डावलून) गेलेल्यांना एकतिसाव्या दिवशी फोन करा. त्यासाठी नंबर आणि नाव वेगळ्या कुलूपबंद वहीत, अभ्यासाच्या तक्त्यात फक्त क्रमांक. एथिक्स कमिटीची परवानगी आधीच काढलेली हवी. जागीच गेलेले कॅज्युअल्टीत येतच नाहीत, थेट शवागारात जातात. तेव्हा दर सोमवारी शवविच्छेदनाचं रजिस्टर शेजारी ठेवून तारीख, जागा आणि वाहन जुळवा.