घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरमधील बिघाड कसा शोधावा

खोल्या तापवणारे रेडिएटर गार पडले की बहुतेकांचा हात आधी बॉयलरच्या रिसेट बटणाकडे जातो आणि नंतर पाणी भरण्याच्या नळाकडे. दोन्ही उपायांनी बऱ्याचदा तात्पुरते भागते आणि नेमके त्यामुळेच मूळ दोष लपून राहतो. मी स्वतः एक संपूर्ण हिवाळा दर पंधरा दिवसांनी पाणी भरत राहिलो. खोट होती ती तापून फुगणाऱ्या पाण्याला सामावून घेणाऱ्या एक्स्पान्शन टँकमध्ये, आणि पाण्याचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा ते रोज सांगत होता.

येथील विवेचन बंद चक्रात पाणी फिरवणाऱ्या व्यवस्थेपुरते आहे. बॉयलर पाणी तापवतो, पंप ते पाइपांतून रेडिएटरांकडे ढकलतो आणि उष्णता देऊन निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे परतते. तेच पाणी वर्षानुवर्षे फिरत राहावे, अशी ही योजना असते.

हात लावण्यापूर्वी

गॅसचा वास येत असेल तर शोधाशोध करू नये. विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद न करता खिडक्या उघडाव्यात, हाताशी असल्यास गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, घराबाहेर पडावे आणि तेथूनच गॅस पुरवणाऱ्यांना कळवावे. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नसतो. ज्या बॉयलरची ज्योत दिसते, तिथे ती निळी व स्थिर असण्याऐवजी पिवळी, लपलपती दिसत असेल, आवरणावर काजळी धरली असेल किंवा घरातल्या माणसांचे डोके दुखून मळमळत असेल, तर बॉयलर बंद करून सर्वांनी मोकळ्या हवेत जावे. अशा वायूची सूचना देणारे यंत्र बॉयलर असलेल्या प्रत्येक घरात असावेच.

साध्या गोष्टी आधी

बॉयलरला वीज मिळते आहे का, फ्यूज शाबूत आहे का, थर्मोस्टॅटमधील बॅटरी संपली आहे का, टायमरची वेळ बिघडली आहे का आणि थर्मोस्टॅट खोलीतल्या तापमानापेक्षा वर लावला आहे का, एवढे पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. बॉयलरच्या पडद्यावर सांकेतिक क्रमांक दिसत असल्यास तो लिहून घ्यावा आणि माहितीपुस्तिकेत त्याचा अर्थ पाहावा. रिसेट एकदा करून पाहण्यास हरकत नाही. पण बॉयलर पुन्हा बंद पडला, तर तो काहीतरी धोका टाळण्यासाठी बंद पडतो आहे असे समजावे आणि बटण दाबत बसू नये.

गेज दोनदा वाचावा

पहिली नोंद बॉयलर पूर्ण थंड असताना घ्यावी, दुसरी तो अर्धा-पाऊण तास चालल्यानंतर. साधारण दुमजली घरात थंड असताना दाब 1 ते 1.5 बार असावा; पाणी सुमारे 10 मीटर उंचीपर्यंत उभे राहण्यास 1 बार दाब लागतो, यावरून वरच्या मजल्यावरचे रेडिएटर आधी का रुसतात ते लक्षात येईल. पाणी 20 अंशांवरून 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की पावणेतीन टक्क्यांच्या आसपास फुगते. पाणी दाबून लहान करता येत नसल्यामुळे या वाढीला जागा देण्याचे काम रबरी पडद्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा असलेला एक्स्पान्शन टँक करतो. तो ठीक असेल, तर काटा तापल्यावर थोडासाच वर सरकतो.

दाब थंड असतानाही कमी आणि दिवसेंदिवस घटत असेल, तर गळती शोधावी. रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली कोरडा कागद फिरवावा, जोडांवर हिरवट किंवा पांढरी पुटे आहेत का ते पाहावे. गरम पाइपावरचा थेंब जमिनीवर पडण्यापूर्वीच वाळून जातो, म्हणून ओल दिसत नाही याचा अर्थ गळती नाही असा होत नाही.

याउलट थंड असताना दाब ठीक, पण तापताच काटा झपाट्याने 3 बारकडे जात असेल, तर संशय टँकवर घ्यावा. पुष्कळ बॉयलरांचा सेफ्टी व्हॉल्व्ह 3 बारला उघडतो आणि पाणी बाहेरच्या नळीवाटे सोडून देतो. बॉयलर निवला की दाब उतरलेला दिसतो, घरमालक पाणी भरतो आणि दुसऱ्या दिवशी तेच चक्र पुन्हा सुरू होते. ठिबकतो म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हलाच दोष दिला जातो, हा त्याच्यावर अन्यायच. त्याची नळी बूच लावून बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते.

टँक बॉयलरच्या आवरणाबाहेर असेल, तर त्याची तपासणी स्वतः करता येते. त्याच्या एका टोकाला टोपीखाली मोटारीच्या टायरला असतो तसा व्हॉल्व्ह असतो. टोपी काढून मधली पिन नखाने क्षणभर दाबावी. हवा आली तर ठीक. पाणी उडाले, तर आतला रबरी पडदा फाटला आहे आणि टँक बदलण्यास पर्याय नाही. हवा कमी झाल्याचा संशय असल्यास बॉयलर बंद करून निवू द्यावा, पाण्याकडील दाब शून्यावर आणावा आणि मगच टायरच्या गेजने हवा मोजावी, कारण पाण्याचा दाब कायम असताना मोजलेला आकडा फसवा असतो. हवा माहितीपुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत साध्या पंपाने भरता येते.

दाब कमीच असेल तर पाणी जरूर भरावे, मात्र बॉयलर थंड असताना, हळूहळू आणि काट्यावर नजर ठेवून. नंतर नळ घट्ट बंद करावा. प्रत्येक भरणीबरोबर ताजा प्राणवायू आत जातो आणि लोखंडाला गंज चढवतो. वरचेवर पाणी भरण्याची किंमत शेवटी रेडिएटर मोजतात.

गार रेडिएटर हाताने वाचावा

वरून गार व खालून गरम असलेल्या रेडिएटरमध्ये हवा कोंडलेली असते. पंप बंद करून पाणी कोमट होऊ द्यावे, वरच्या कोपऱ्यातील लहान स्क्रूखाली फडके धरावे आणि किल्ली पाव ते अर्धा फेरा फिरवावी. आधी बारीक फुसफुस ऐकू येते, मग हवा आणि पाणी मिसळून थुंकल्यासारखे तुषार येतात आणि अखेर पाण्याची अखंड धार लागते. धार लागताच स्क्रू बंद करावा. तो पूर्ण काढू नये, कारण दाबाखालील पाण्यात तो परत बसवणे फार कठीण जाते. हवा गेली की दाब उतरतो, म्हणून गेज पुन्हा पाहावा.

खालचा मधला भाग गार असेल, तर तिथे लोखंडाच्या गंजाचा काळा गाळ बसलेला असतो. रेडिएटर काढून धुणे हाच उपाय. एकच रेडिएटर पूर्ण गार असेल, तर त्याच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचे, म्हणजे खोलीच्या तापमानानुसार पाणी कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेचे, डोके काढून खालची पिन अडकली आहे का ते पाहावे. ती हलक्या हाताने दाबली असता आत जाऊन स्वतःहून वर आली पाहिजे. जवळचे रेडिएटर तापतात आणि टोकाचे तापत नाहीत, अशा वेळी जवळच्यांचे परतीकडील व्हॉल्व्ह थोडे थोडे आवळावेत.

पंप आणि आवाज

बॉयलर गरम, पण त्याच्यापासून निघालेला पाइप थोड्याच अंतरावर गार असेल, तर पंप फिरत नसावा. नुसती घरघर ऐकू येणे हे तो अडकल्याचे लक्षण; विशेषतः उन्हाळाभर बंद राहिल्यावर असे होते. बॉयलरमधून किटली उकळल्यासारखा आवाज येत असेल, तर उष्णता देणाऱ्या भागावर क्षारांचा थर बसला आहे किंवा पाणी पुरेसे फिरत नाही. कडक थंडीत कंडेन्सिंग बॉयलर, म्हणजे धुरातील वाफ निववून तिचीही उष्णता वापरणारा बॉयलर, अचानक बंद पडला, तर त्या वाफेचे झालेले पाणी बाहेर नेणारी प्लॅस्टिकची नळी गोठली आहे का ते पाहावे आणि तिच्यावर उकळते नव्हे, कोमट पाणी ओतावे.

बर्नर, गॅसचे भाग आणि बॉयलरचे सीलबंद आवरण यांना मात्र परवानाधारक तंत्रज्ञानेच हात लावावा. त्याला बोलावताना गेजच्या थंड व गरम अशा दोन्ही नोंदी, पाणी भरल्याच्या तारखा आणि पडद्यावरचा सांकेतिक क्रमांक लिहिलेला कागद बॉयलरशेजारीच ठेवावा.