वर्गातील गुणदानाचे धोरण कसे ठरवावे

गुणदानाचे धोरण उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हाती येण्याआधी लिहून झालेले असावे, कारण मुलाचे नाव, अक्षर आणि मागच्या सत्रातली ख्याती डोळ्यांसमोर आल्यावर ठरवलेला निकष कितीही प्रामाणिक असला तरी त्या मुलापुरता वाकतोच. हे काम जूनमध्ये, शाळा सुरू होतानाच उरकावे, आणि धोरण एका पानात मावेल एवढेच असावे. येथे राज्य मंडळाची सातवी समोर ठेवली आहे. इतर इयत्तांसाठी भारांश, म्हणजे कशाला किती गुण हे प्रमाण, बदलून घ्यावेत.

चौकट शासनाने आखून दिलेली आहे. २०१० पासून पहिली ते आठवीसाठी लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक (सत्रभर चालणारे) व संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचे) मूल्यमापनाचे प्रमाण पहिली-दुसरीला ७०:३०, तिसरी-चौथीला ६०:४०, पाचवी-सहावीला ५०:५० आणि सातवी-आठवीला ४०:६० असे ठरले. (पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेचे नियम नंतर वेगळे झाले, ते मुख्याध्यापकांकडून पाहून घ्यावेत.) सातवीच्या शिक्षकाला खरा निर्णय घ्यायचा असतो तो आकारिकच्या ४० गुणांबाबत: ते कोणत्या साधनांत विभागायचे आणि प्रत्येक साधनाने नेमके काय मोजायचे.

समजा, तोंडी कामाला ५, उपक्रमाला ५ आणि चाचणी, स्वाध्याय व प्रकल्प यांना प्रत्येकी १० गुण ठेवले. यांतील प्रकल्प सर्वांत बेभरवशाचा. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला तयार तक्ता आणि काकाने रात्री जागून केलेले ज्वालामुखीचे मॉडेल यांना पैकीच्या पैकी गुण मिळतात, आणि स्वतः मोडकेतोडके काही केलेले मूल ५ वर अडकते. म्हणून प्रकल्प शाळेतच, शाळेच्या साहित्यात करून घ्यावा, किंवा निम्मे गुण प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे विचारलेल्या दोन-तीन प्रश्नांसाठी राखावेत. गटप्रकल्पात तर हे टाळताच येणार नाही.

दुसरा निर्णय वर्तनाचा. गणवेश, उशिरा येणे, वहीला कव्हर नसणे, वर्गात बोलणे यांसाठी विषयाचे गुण कापू नयेत. प्रगतिपत्रकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ अशा वर्णनात्मक नोंदी असतात, त्या याचसाठी आहेत. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी त्या एकाच साच्यातून उतरवल्या जातात. शिस्त आणि आकलन एकाच आकड्यात मिसळले की तो आकडा वाचून पालकाला काहीच कळत नाही.

शून्याचेही तसेच आहे. एका मुलीला तोंडी कामात ४, उपक्रमात ४, चाचणीत ८, स्वाध्यायात ८ आणि संकलितमध्ये ६० पैकी ४९ गुण आहेत, पण आजारपणामुळे प्रकल्प राहिला. तिथे शून्य लिहिले तर एकूण ७३, म्हणजे ब-१ श्रेणी. उरलेल्या ३० पैकी २४ गुणांच्या प्रमाणात ४० पैकी ३२ धरले तर एकूण ८१, म्हणजे अ-२. तिला विषय किती येतो यात काडीचाही फरक पडलेला नसताना श्रेणी बदलते. तेव्हा ‘केले नाही’ आणि ‘करता आले नाही’ यांची नोंद वेगळी ठेवावी, आणि पर्यायी काम किती दिवसांत द्यायचे याची मुदत धोरणातच लिहावी. ज्या गावांतली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, तिथे ही मुदत दिवसांत न मोजता मूल परत येण्याला बांधलेली बरी.

आता निकषांकडे वळू. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश उदाहरणासह स्पष्ट करा’ हा ४ गुणांचा प्रश्न घेऊ. बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, याला १. वर गेल्यावर हवा थंड होऊन घाटमाथ्यावर पाऊस पडतो, याला १. पलीकडे उतरणारी हवा कोरडी असते, याला १. आणि उदाहरणाला १. माणदेशातल्या एखाद्या मुलाने ‘ढग डोंगरावरच रिकामं हुत्यात, म्हनून आमच्याकडं पानी न्हाय’ असे लिहिले, तर भूगोलात त्याचा उदाहरणाचा गुण पक्का आहे आणि कोरडेपणाचे कारणही त्याने ओळखलेले आहे. २ गुण द्यावेत, पहिल्या दोन मुद्द्यांचे देऊ नयेत. प्रमाणभाषेचे गुण मराठीच्या पेपरात, तेही ज्या प्रश्नात लेखननियम मोजायचे आहेत तिथेच कापावेत.

तपासताना एक उत्तरपत्रिका संपवून दुसरी घेण्यापेक्षा सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असे जावे आणि दर वेळी गठ्ठा उलटसुलट करावा. नावाचे पान दुमडून ठेवावे. चार-पाच उत्तरपत्रिका त्याच विषयाच्या सहकाऱ्याकडून गुण न दाखवता तपासून घ्याव्यात. दोघांच्या गुणांत मोठे अंतर पडले तर निकष ढिसाळ आहेत असे समजून आधी ते दुरुस्त करावेत. वेळ लागतो हे खरे, पण पुढच्या तक्रारी निस्तरायला याहून अधिक लागतो.

धोरण पहिल्या पालकसभेत वाचून दाखवावे आणि वर्गात लावावे. फेरतपासणीची मागणी उत्तरपत्रिका दाखवल्यापासून आठवडाभरात, कोणत्या प्रश्नाबद्दल आणि का, हे लिहून यावी. आणि बेरीज चुकून गुण वाढले असतील तर ते कमी होतील का, हेही आधीच सांगून टाकावे. माझ्या मते शिक्षकाच्या चुकीचा भुर्दंड मुलाला पडू नये.

नववी-दहावी शिकवणाऱ्यांपुढे वेगळा पेच असतो. दहावीला भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत, म्हणजे शाळेनेच द्यायचे, २० गुण मार्च २०१९ च्या परीक्षेत नव्हते. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढे ते गुण परत आले. सरसकट १९-२० देण्याची रीत निदान आपल्या वर्गापुरती मोडायची असेल, तर त्या २० गुणांनाही वरीलप्रमाणे मुद्देनिहाय निकष लावावेत आणि पुरावा म्हणून मुलांचे काम जपून ठेवावे.

पहिल्या सत्राअखेर गुणनोंदवही उघडून प्रत्येक साधनाचा रकाना उभा वाचावा. एखाद्या रकान्यात सगळ्यांना सारखेच गुण दिसले, तर ते साधन काहीच मोजत नाही. ते बदलावे, पण दुसऱ्या सत्रापासून आणि मुलांना आधी सांगून.